गुणग्राहक पाहिजे

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण: पुरावा. उद्या कुणी म्हणालं की तेव्हा नेमकं काय झालं कुणास ठाऊक, तर मी ही वही काढून समोर आपटणार. (आपटणार नाही. खासगी आहे.)

घटना थोडक्यात. शनिवारी निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा नववा धडा. वय एकसष्ट, चष्मा, हातात मोजे. मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला. बाईंनी गाडी पहिल्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून उचलली. बंद पडली. पुन्हा तेच. मी सूचना केली. ज्या पट्टीत करायला हवी त्या पट्टीत. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर बाईंनी हँडब्रेक ओढला (बरोबर), गिअर न्यूट्रलला आणला (बरोबर), चावी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि दार उघडून चालत घरी निघून गेल्या. भर चौकात. उतरण्यापूर्वी आरशात पाहिलं नाही. हे मी काच खाली करून त्यांना सांगितलंसुद्धा.

आज मेहुण्याने केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. त्याला गाडी मीच शिकवली. उपकार कुणी लक्षात ठेवत नाही. टेबलावर बाईंचं दोन पानी पत्र. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणजे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. म्हणजे गुन्हा थंड डोक्याने केलेला.

निकाल: आठ आठवडे मी शिकवायच्या गाडीत बसायचं नाही. ऑफिसात टेबल सांभाळायचं. आणि एखाद्या थेरपिस्टकडे जाऊन त्याची चिठ्ठी आणायची. मी म्हटलं, मी वेडा नाही. तो म्हणाला, भाऊजी, वेडं कोण म्हणतंय, पण ही या वर्षातली सहावी तक्रार आहे आणि वर्ष सुरू होऊन पाच आठवडे झालेत. मी म्हटलं, माझ्या बावीस वर्षांकडे बघ. म्हणाला, त्यांची फाइल वेगळी आहे.

वाकणार नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आत्ताच्या आत्ता भावाला फोन लावून झापेल. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मग जा की. म्हणजे कट घरापर्यंत पोचलेला आहे.

ठरवलं: जाणार. पण माझ्या अटीवर. इंटरनेटवर वाचलं की थेरपिस्टांमध्ये एक जात अशी असते, जी माणसाच्या उणिवा उकरत बसत नाही. त्याच्यात काय चांगलं आहे ते हुडकते आणि त्यावर पुढचं बांधकाम करते. वाचून ऊर भरून आला. या मंडळींना जन्मात माझ्यासारखं गिऱ्हाईक मिळालं नसेल. हुडकायचे कष्टसुद्धा नाहीत. माल तयार आहे.

गुणांची यादी केली. चौदा भरले. हिला तपासायला दिली. हिने पेन्सिल घेतली. 'वक्तशीर'वर बरोबरची खूण. 'स्पष्टवक्ता'च्या आधी 'अति' लिहिलं. 'शांत' खोडलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच खोडलं.

तेरा.

७ फेब्रुवारी, गुरुवार

थेरपिस्ट नंबर एक. दातांच्या दवाखान्याच्या वर. भिंतीतून ड्रिलचा आवाज. गृहस्थ दाढीवाले, मवाळ. पहिला प्रश्न: वडिलांबद्दल सांगा. मी म्हटलं, वडिलांनी आयुष्यात गाडी चालवली नाही, त्यांना यातून वगळा. म्हणाले, वडील ओरडायचे का? मी म्हटलं, ओरडायचे नाहीत, त्यांचा आवाजच मोठा होता. यावर त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

मी विचारलं, गुण कधी काढायला घेणार? म्हणाले, आधी जखम बघू. मी यादी पुढे केली. त्यांनी न वाचता पेपरवेटखाली सरकवली. मी पेपरवेट उचलून यादी परत घेतली आणि म्हटलं, भोकं शोधणारे खालच्या मजल्यावर बसतात, तुम्ही चुकून एक जिना जास्त चढलात.

बावीस मिनिटांत बाहेर. वाक्य चांगलं जमलं. जिन्यात स्वतःशी दोनदा म्हटलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसचं टेबल. काम: फॉर्म देणे, फोन घेणे. आठवडाभरात चौकशीचे सतरा फोन आले. प्रत्येकाला मी आधी खरं काय ते सांगतो: गाडी चालवणं खेळ नाही, अर्ध्याअधिक लोकांना जन्मात जमत नाही, तुमचं वय काय, चष्म्याचा नंबर काय, घाबरता का? सतरापैकी एकही आला नाही. मेहुणा म्हणाला, बाजारात मंदी दिसतेय. मी म्हटलं, दिसतेयच.

तो केबिनमध्ये गेल्यावर लक्षात आलं की तो हसत नव्हता.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नंबर दोन. नवीन इमारत, काचेचं दार, पांढरा सोफा. हा तरुण. बोलतच नाही. मी चाळीस मिनिटं बोललो, तो मान हलवतो. मध्येच मी थांबून बघितलं, तोही थांबला. भिंतीशी टेनिस खेळल्यासारखं. शेवटी थेट विचारलं: इतकं ऐकलंत, आता माझा एक गुण सांगा. म्हणाला, तुम्हाला काय वाटतं?

मला काय वाटतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तर दुसऱ्याकडे आलो.

जाताना त्याला एवढंच सांगितलं की खाली निळी गाडी तुमची असेल तर ती तिरकी लावली आहे, मागचं चाक पांढऱ्या रेषेच्या बाहेर आहे. जिना उतरून वळून पाहिलं तर तो खिडकीतून वाकून खाली बघत होता. म्हणजे या भेटीत काही शिकलं असेल तर ते त्याने.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

थेरपिस्टच कशाला हवा? आता सगळं ऑनलाइन. 'तुमची बलस्थानं ओळखा' नावाची चाचणी, बहात्तर प्रश्न. ऑफिसच्या वेळेत सोडवले. पहिला क्रमांक: चिकाटी. छान. शेवटचा, तिसावा: इतरांचं ऐकून घेणे.

प्रश्न मोघम होते. पुन्हा सोडवली, या वेळी विचार करून. 'ऐकून घेणे' सव्विसावर आलं. तिसऱ्यांदा अधिक विचार करून सोडवली. कॉम्प्युटर म्हणाला, तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, कृपया प्रामाणिकपणे भरा.

यंत्रांचाही सूर बिघडलाय.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सापडली! नंबर तीन. ही बाई स्वतःच्या जाहिरातीत लिहिते, 'आपण तुमच्यात काय धडधाकट आहे तिथून सुरुवात करू.' फोन लावला. तिने माझी मुलाखत घेण्याआधी मीच तिची घेतली. पंचवीस मिनिटं. अनुभव किती, उणिवा काढता का, वडिलांविषयी विचारता का, यादी वाचता का? तिने सगळ्यांची सरळ उत्तरं दिली. वडील तुम्ही काढलेत तरच येतील, म्हणाली. शेवटी म्हणाली, तुम्ही फार बारकाईने चौकशी करता, हे चांगलं आहे.

फोनवरच एक गुण! अजून खुर्चीतही बसलो नाही. बुधवार, साडेचार.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं. कन्येने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, बाबा, त्या बाई धीराच्या आहेत ना? आमची कन्या चोवीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत लागली आहे, आणि इतरांची काळजी करण्याचा स्वभाव माझ्याकडून घेतला आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार

शिंप्याच्या दुकानामागची खोली. दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल, खिडकीत कुंडी. घड्याळ गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, म्हणजे तिला दिसतं, आपल्याला नाही. ही चलाखी मी ओळखली हे तिला सांगितलं. हसली. बाई पन्नाशीची, केस पांढरे, रंगवलेले नाहीत. यादी पूर्ण वाचली. तेराच्या तेरा. मग म्हणाली, चौदावा खोडलाय तो कुठला? मी म्हटलं, छपाईची चूक.

विचारलं, शिकवताना तुम्हाला काय दिसतं? असं मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सांगत सुटलो. बसमागून माणूस धावत येणार, हे त्याच्या सावलीवरून कळतं. उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं दिसलं की ती आता निघणार. समोरच्याची मान हलली की तो न सांगता वळणार. चेंडू आला की मागून पोर येणारच. हे सगळं मला एकदम दिसतं आणि शिकणारा मात्र समोर स्टिअरिंगकडे बघत बसलेला असतो.

बाई म्हणाली, म्हणजे धोका तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसतो. ही फार मोठी ताकद आहे. आणि रोज सहा-सहा तास ती जागती ठेवायची म्हणजे भीतीही तेवढीच वाटत असणार.

पहिलं वाक्य लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याचा संबंध कळला नाही.

गृहपाठ: जवळच्या तिघांना विचारायचं, मी सर्वात चांगला होतो असा एक प्रसंग सांगा. विशेषण नको, प्रसंग. सोपं आहे. तीनच का, अशी तक्रार केली.

२४ फेब्रुवारी, रविवार

गृहपाठ जोरात.

मेहुणा: विचारल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत होता. म्हणाला, वेळेवर येता. मी म्हटलं, प्रसंग. मग आठवलं त्याला. टेकडीच्या उतारावर एकदा गाडीचे ब्रेक गेले होते, मी शेजारी, चालवत होती एक कॉलेजची मुलगी, मागे हा. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. एक हात स्टिअरिंगवर, एक हँडब्रेकवर, आणि गाडी अलगद मातीच्या ढिगाला टेकवलीत. त्या मुलीला घरी पोचेपर्यंत कळलंच नाही की ब्रेक गेले होते.

उत्तम प्रसंग. मीच विसरलो होतो.

ही: म्हणाली, माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा. मी म्हटलं, तेव्हा मी काय केलं? काहीच तर केलं नाही. म्हणाली, तेच. पाच दिवस कॉरिडॉरमध्ये त्या लोखंडी बाकावर बसून होता. डॉक्टरांशी भांडला नाहीत, नर्सला शिकवलं नाहीत. मी बाहेर आले की सरकून जागा करून द्यायचा.

हा प्रसंग कमकुवत आहे. बाकावर बसणं हा गुण नव्हे. हिला दुसरा आठव म्हटलं. ही म्हणाली, दुसरा नाही.

बावीस... नव्हे, सत्तावीस वर्षांच्या संसारात एक. तोही बाकावरचा. नोंद घेतली आहे.

२७ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी बैठक. दोन प्रसंग वाचून दाखवले. बाई म्हणाली, तिसरा येऊ द्या, मग एकत्र बघू. घाई नाही तिला. मी म्हटलं, माझे पाच आठवडेच उरलेत. म्हणाली, तुम्हाला गाडीत परत कशासाठी जायचंय? काय प्रश्न! मासा पाण्यात कशासाठी जातो?

कुंडीला पाणी कमी पडतंय हे निदर्शनास आणून दिलं. पानांवरून कळतं. म्हणाली, पुन्हा तुम्हाला आधी दिसलं. मग भांडं माझ्या हातात दिलं. पाणी मीच घातलं. बरं वाटलं, का कुणास ठाऊक.

३ मार्च, रविवार

कन्येला विचारलं. तिच्याकडे तर प्रसंगांचा साठा असणार, म्हणून शेवटी ठेवली होती. म्हणाली, सांगते, पण आधी तुम्हाला दुसरं काहीतरी सांगायला हवं. आत गेली. पर्स आणली. पर्समधून लायसन्स काढून माझ्यापुढे ठेवलं. गाडी चालवायचं. फोटो तिचाच. तारीख मागच्या ऑक्टोबरची.

बाकी उद्या.

४ मार्च, सोमवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

५ मार्च, मंगळवार

लिहून टाकतो. पुरावा म्हणजे पुरावा.

पाच महिने झाले. पुलापलीकडच्या त्या चिमुकल्या स्कूलमध्ये शिकली. शिकवणारा कोण? गोगलगाय! नाव मीच ठेवलेलं. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडेच शिकायला होता, ताशी पंधराच्या वर जायचा नाही, परीक्षेत तीनदा नापास झाला. कानामागून आला आणि तिखट झाला. हिला सगळं माहीत होतं. लायसन्स हिच्या साड्यांच्या कपाटात होतं. माझ्या घरात, माझ्याच नाकावर टिच्चून!

मी म्हटलं, बाप बावीस वर्षं जगाला शिकवतो आणि लेक दुसऱ्याच्या दारात जाते? ती रडली वगैरे नाही. म्हणाली, बाबा, मी तुमच्याकडेच येणार होते. कॉलेजात असताना एकदा तुमच्या गाडीत मागे बसले होते, आठवतं? पुढे एक काका शिकत होते. तुम्ही त्यांना जे बोलत होतात ते ऐकून माझे हात मागे बसून घामेजले. मला गाडी शिकायची होती, बाबा. तुमचा राग यायला नको होता मला.

मी म्हटलं, ठीक आहे, प्रसंग सांग. आवाज मी वाढवला नव्हता, हे नमूद करतो. वाढवता आलाच नाही.

म्हणाली, तुम्ही मला सायकल शिकवलीत तो. मी आठ वर्षांची. त्या आठवड्यात तुमचा घसा पूर्ण बसला होता, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. तुम्ही नुसते मागून धावत होता. मी पडले की उचलायचात, गुडघा झटकायचात, पुन्हा सीटवर बसवायचात. दोन दिवसांत आली मला. तुमच्यासारखं कुणी शिकवलेलं नाही मला आजपर्यंत, असं म्हणाली.

जेवलो नाही.

६ मार्च, बुधवार

तिसरी बैठक. तीन प्रसंग बाईने मलाच मोठ्याने वाचायला लावले. वाचले. म्हणाली, काही समान दिसतं का? मी म्हटलं, तिन्हींत मी आहे. म्हणाली, आणखी? मी म्हटलं, तिन्हींत माणसं कृतघ्न आहेत. शिंप्याचं मशीन चालू होतं, ते ऐकत बसली. मग म्हणाली, तिन्हींत तुम्ही बोलत नाही आहात.

पुन्हा वाचले. उतार. बाक. सायकल.

उठलो. मी बाईला स्वच्छ सांगितलं की तिघा थेरपिस्टांच्या पायऱ्या झिजवून, माझे गुण ओळखणारा माणूस शोधत मी इथवर आलो, आणि तुम्ही इतक्या दिवसांत काय काढलंत, तर मी तोंड बंद ठेवतो तेव्हा बरा असतो! हे तर माझी सासूसुद्धा सांगत होती, फुकट! बाई म्हणाली, मी तोंड बंद ठेवा म्हटलेलं नाही. तुमचे हात फार चांगले शिकवतात, एवढंच माणसं सांगताहेत. पुढचं मी ऐकलं नाही, कारण तोवर मी दार लावलं होतं. जोरात नाही. वाऱ्याने जोरात लागलं.

खोलीची खिडकी बंद होती. तरीही.

९ मार्च, शनिवार

नंबर चारचा शोध. या वेळी पुरुष, वयस्कर, भरपूर डिग्र्या. फोनवर म्हणाले, आधी कुठे जात होतात? सांगितलं. म्हणाले, अहो, त्या तर आमच्या मॅडम! आम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलो. परत जा, दुसरीकडे कशाला?

सगळे एकमेकांना सामील आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणायचा मोह झाला, पण कळसाच वाकडा असेल तर वळसा बरा.

१३ मार्च, बुधवार

बैठकीला गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न. साडेचारला शिंप्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे एका कट्ट्यावर बसलो होतो, पण ते पाय मोकळे करायला. खिडकीतली कुंडी दिसत होती. बरी आहे. साडेपाचला बाई कुलूप लावून बाहेर पडली. मला पाहून मान हलवली आणि बसस्टॉपकडे गेली. म्हणजे तासभर माझ्यासाठी रिकामी बसली होती.

बसली असेल. मीही बसलो होतो.

१८ मार्च, सोमवार

टेबलावर एक प्रयोग केला. निव्वळ शास्त्रीय. चौकशीचा फोन आला की फक्त विचारायचं, तुम्हाला गाडी का शिकायची आहे? आणि थांबायचं. पहिली बाई अकरा मिनिटं बोलली. नवरा वारला, गाडी दारात धूळ खात उभी आहे, विकवत नाही. मी हूं हूं केलं. ती संध्याकाळी येऊन फॉर्म भरून गेली. एका दिवसात चार आले.

मेहुण्याने विचारलं, आज काय केलंत? मी म्हटलं, बाजारात तेजी आलीय.

२० मार्च, बुधवार

गेलो. चिठ्ठीसाठी. चिठ्ठीशिवाय मेहुणा ऐकणार नाही, म्हणून. बाईने मागच्या बुधवारचा विषयच काढला नाही. हे तिचं कौशल्य मानायला हवं. माझ्यासमोर कुणी तास बुडवला असता तर मी... असो.

मग माझ्याच तोंडून निघालं, की तो काका, जो तेव्हा शिकत होता, ज्याच्या मागे कन्या बसली होती, तो पुन्हा कधी आला नाही. त्याच्या वेळी काय घडलं ते मला चांगलं आठवतं. चेंडू आला होता रस्त्यावर. मागून पोर आलं नाही. पण मला दिसलं होतं आलेलं. म्हणून ओरडलो. ते पोर मला रोज दिसतं.

बाई म्हणाली, आणि ते तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का?

काय सांगायचं? की शिकवणाराच घाबरतोय?

कुंडीला पाणी घातलं आणि आलो.

२७ मार्च, बुधवार

शेवटची बैठक. चिठ्ठी मागितली. मजकूर मी घरून लिहूनच नेला होता: 'अत्यंत सक्षम, पूर्णपणे योग्य, अन्याय झालेला.' बाईने वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतःचा लिहिला. तीन वाक्यं. 'हे ठरल्याप्रमाणे पाच वेळा आले. यांना धोका इतरांच्या आधी दिसतो. तो शिकणाऱ्यालाही दिसायला थोडा वेळ दिला, तर हे फार चांगले शिक्षक आहेत.'

'दिला तर' काढा म्हटलं. नाही काढलं. वाद घातला. हसली, पण नाही काढलं. अशी ठाम माणसं हल्ली दुर्मीळ. मी तिला हे सांगितलं. म्हणाली, हा तुम्ही आज दुसऱ्याचा गुण काढलात.

आणि एक सुचवलं: लेकीच्या शेजारी बसून एकदा फेरी मारा. शिकवायला नव्हे. नुसतं बसायला. मी म्हटलं, पोरखेळ आहे.

२८ मार्च, गुरुवार

मेहुण्याने चिठ्ठी दोनदा वाचली. निर्णय: सोमवारपासून गाडीत, पण पहिला आठवडा मागच्या सीटवर. पुढे दुसरा इन्स्ट्रक्टर. मी बघायचं, धोके टिपून ठेवायचे, आणि गाडी थांबल्यावर सांगायचे.

मागच्या सीटवर! बावीस वर्षांनी! मी म्हटलं, हे मला मान्य नाही. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, मान्य नाही, पण येईन. तो म्हणाला, बरं.

३१ मार्च, रविवार. दुपार

फेरी. आमची घरची गाडी, जिच्या स्टिअरिंगला आजवर माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. कन्या चालवायला, मी शेजारी, ही मागे. निघण्यापूर्वी जाहीर केलं की मी एक शब्दही काढणार नाही. ही म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघच.

अडतीस मिनिटं. बाजारातून, पुलावरून, मोठा चौक, परत. एक शब्द नाही! गोल चक्करला तिने गिअर उशिरा बदलला. गप्प. टेम्पोच्या फार जवळून गेली. (फार नाही. जवळून.) गप्प. शाळेच्या भिंतीपाशी दोन पोरं उभी होती. माझ्या तोंडात शब्द आला होता, तेवढ्यात तिने आपणहून वेग कमी केला. तिला दिसली होती. माझ्याबरोबरच. कदाचित आधी.

दारात गाडी लागली. सरळ, रेषेत. मी विजयी मुद्रेने मागे वळून हिला विचारलं, काय? ही म्हणाली, शब्द नाही काढलात, खरं आहे. पण अडतीस मिनिटं पायाने ब्रेक मारत होता. शिकवायच्या गाडीत शेजाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. आमच्या गाडीत तिथे नुसता पत्रा आहे. खाली पाहिलं. मॅट गोळा होऊन पुढे जाऊन बसली होती. आणि दाराच्या वरचं हँडल, जे मी धरलं होतं, ते अजून माझ्या हातातच होतं. स्क्रूसकट.

उतरायला गेलो, तर पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे. पाय हलेना. ही पोट धरून हसत होती. मी म्हटलं, गाडीची सीट सदोष आहे. कन्या उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडून खाली वाकली. म्हणाली, सावकाश, बाबा. काही घाई नाही. आधी बाहेरचा पाय ठेवा. हां, बरोबर. आता हात इथे, माझ्या खांद्यावर. नाही जमलं? असू दे, पुन्हा करू. मागून एक रिकामा ट्रक येऊन थांबला, उघड्या दारामुळे गल्ली अडली होती. ती म्हणाली, त्याच्याकडे बघू नका, तो थांबेल, तुम्ही तुमच्या वेळाने या.

दुसऱ्या खेपेला उतरलो. ती म्हणाली, छान.

एका पायावर उभं राहून मी तिला म्हटलं, तुझी सांगण्याची पद्धत फार चांगली आहे. माणूस घाबरत नाही. कुणाची उचललीस?

आणि उत्तराची वाट बघत, खोटं कशाला लिहू, छाती थोडी पुढे काढून उभा राहिलो.

म्हणाली, आमच्या सरांची. गोगलगाय सरांची.